दुरुस्त केलेला अल्बम पुन्हा पुन्हा का फुटतो?

सीडीवरची गाणी संगणकात घेतली, नावं लावली, अल्बम प्लेअरमध्ये एका चौकोनात दिसू लागला. काही दिवसांनी पाहावं तर त्याच अल्बमचे तीन चौकोन. एकात आठ गाणी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकटं एक. पुन्हा नीट करावं, पुन्हा तेच. या तक्रारीसोबत एक वाक्य हमखास येतं: 'परवाच तर दुरुस्त केलं होतं.'

वैतागून पुन्हा सीडी रिप करायला, म्हणजे गाणी संगणकात उतरवायला, बसू नका. रिप करताना सीडीवरून येतो तो फक्त आवाज: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनेल. गाण्यांची नावं बहुतेक सीडींवर नसतातच. सीडी-टेक्स्ट ही सोय १९९६ मध्ये आली, पण ती वापरणाऱ्या सीडी कमीच. नावं येतात इंटरनेटवरच्या सूचींमधून. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो यावरून रिपर एक ओळखक्रमांक बनवतो आणि सूचीला विचारतो, 'ही कोणती सीडी?' उत्तर बरोबर असेलच याची खात्री नसते. फ्रीडीबी या अशाच एका सूचीच्या पद्धतीत हा क्रमांक इतका छोटा होता की दोन वेगळ्या सीडींना एकच क्रमांक मिळू शकत असे. ती सूची २०२० मध्ये बंद झाली. जुन्या रिपरमध्ये अजूनही तिचाच पत्ता भरलेला असेल तर नावं येणारच नाहीत. तिथे तिची वारसदार असलेली ग्नूडीबी भरा किंवा म्युझिकब्रेन्झ या सूचीला विचारणारा रिपर घ्या. आवाज मात्र पहिल्या खेपेला नीट उतरला असेल आणि रिपरने अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांच्या त्याच सीडीच्या रिपची नोंद ठेवणारी सूची) ताडून 'जुळलं' असं सांगितलं असेल, तर त्या फाइल सोन्यासारख्या आहेत. त्यांना हात लावायचं कारण नाही. फ्लॅक फाइलमध्ये तर आवाजाची एमडी५ बेरीज (आवाज बदलला की बदलणारा तपासणी-अंक) आतच लिहिलेली असते आणि टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, कितीही बदलले तरी ती बदलत नाही. त्यामुळे टॅग दुरुस्त करताना आवाज बिघडेल ही भीती सोडून द्या.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

गाण्याची माहिती तीन ठिकाणी असते: फाइलच्या नावात, फाइलच्या आतल्या टॅगमध्ये आणि प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. पडद्यावर दिसतं ते तिसरं. प्लेअरची लायब्ररी हा शाळेतला हजेरीपट समजा. त्यात 'हजर' लिहिल्याने मुलगा वर्गात येत नाही, आणि पुढच्या हजेरीला खरं काय ते उघडं पडतंच. दुरुस्ती टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा ती हजेरीपटातच केलेली असते. काही प्लेअर लायब्ररीत केलेला बदल फाइलमध्ये लिहीत नाहीत. काहींत तशी सेटिंग असते, पण ती बंद असते. काही लिहायचा प्रयत्न करतात, पण फाइल 'फक्त वाचनासाठी' असते किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर लिहायची परवानगी नसते, आणि ते अपयश तुम्हाला कुणी सांगत नाही. पडद्यावर नवं नाव दिसत राहतं. मग ते गाणं वाजवायला घेतलं किंवा पुढचं स्कॅन झालं की जुनं नाव परत.

तपासणी सोपी आहे. फुटलेल्या अल्बममधलं एक 'बरोबर' गाणं आणि एक 'भरकटलेलं' गाणं एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ती दोन्ही प्लेअरमध्ये नाही, टॅग एडिटरमध्ये उघडा. विंडोजवर आणि मॅकवर एमपी३टॅग चांगलं आहे, लिनक्सवर किड३ किंवा पडलटॅग. तिथे सगळे रकाने हुबेहूब जुळत असतील तर फाइल निर्दोष आहे, खोट डेटाबेसमध्ये आहे. सरळ शेवटच्या भागाकडे जा. जुळत नसतील तर पुढे वाचा. मला विचाराल तर दहापैकी नऊ जणांचं उत्तर इथेच मिळतं.

अल्बम आर्टिस्ट: मुख्य संशयित

बहुतेक प्लेअर अल्बम ओळखतात तो फक्त नावावरून नाही. 'सर्वोत्तम गाणी' नावाचे अल्बम शेकड्यांनी असतात, म्हणून ते अल्बमच्या नावाला अल्बम आर्टिस्ट जोडतात आणि ही जोडी एक समजतात. अल्बम आर्टिस्टचा रकाना रिकामा असेल तर नाइलाजाने त्या गाण्याचा कलाकार घेतात. आता अकरा गाण्यांच्या अल्बममध्ये एका गाण्यात पाहुणा गायक आहे आणि रिपरने कलाकाराच्या रकान्यात दोघांचीही नावं टाकली आहेत. प्लेअरच्या दृष्टीने तो वेगळ्याच माणसाचा, योगायोगाने त्याच नावाचा अल्बम झाला.

उपाय: अल्बममधल्या सगळ्या गाण्यांना अल्बम आर्टिस्ट एकच द्या आणि कलाकाराचा रकाना गाण्यागणिक वेगळा राहू द्या. पाहुण्याचं नाव पुसून टाकायची गरज नाही. बरेच जण तसं करतात, अल्बम जुळतोही, पण मग त्या गायकाच्या नावाने शोधलं की गाणं सापडत नाही. वेगवेगळ्या कलाकारांचा संग्रह असेल तर अल्बम आर्टिस्ट म्हणून 'विविध कलाकार' लिहा किंवा त्याचं इंग्रजी रूप. कोणतंही चालेल, पण संपूर्ण लायब्ररीत एकच. ऑनलाइन सूची इंग्रजी रूप पाठवते आणि तुम्ही मराठी लिहिता, असं झालं की पुढच्या आपोआप-दुरुस्तीला घोळ होणार. पिकार्डसारख्या, म्युझिकब्रेन्झवरून टॅग भरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या नावाऐवजी कोणतं वापरायचं ते एकदाच सांगून ठेवता येतं.

या रकान्याची अडचण मुळापासूनची आहे. एमपी३मधल्या आयडी३ टॅगच्या आराखड्यात अल्बम आर्टिस्ट नावाची जागाच नव्हती. वाद्यवृंद किंवा साथसंगत यांच्यासाठी ठेवलेली टीपीई२ ही चौकट प्लेअर बनवणाऱ्यांनी या कामाला जुंपली. फ्लॅक आणि ऑग या प्रकारच्या फाइलींमध्ये रकान्यांची नावं कुणीही काहीही ठेवू शकतो, म्हणून तिथे 'अल्बमआर्टिस्ट' असा सलग लिहिलेला आणि 'अल्बम आर्टिस्ट' असा मध्ये जागा सोडून लिहिलेला, असे दोन वेगळे रकाने एकाच फाइलमध्ये सापडतात. एक प्लेअर हा वाचतो, दुसरा तो. एमपी३टॅगमध्ये गाणी निवडून ऑल्ट आणि टी दाबलं की फाइलमधले सगळे रकाने दिसतात, डाव्या बाजूच्या पट्टीत नसतात तेसुद्धा. तिथे जास्तीचा रकाना दिसला तर काढून टाका.

दिसायला सारखी, पण सारखी नाहीत

सगळी नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी, तरी अल्बम दोन. हा प्रकार माणसाला वेड लावतो. एमपी३टॅगमध्ये अल्बमची सगळी गाणी एकदम निवडा आणि डावीकडचा अल्बमचा रकाना पाहा. सगळीकडे एकच नाव असेल तर ते नाव दिसतं. कुठेही फरक असेल तर त्या जागी 'कीप' असा शब्द कोनी कंसात दिसतो. मग त्या रकान्याची यादी खाली उघडा. त्यात हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी असतील तर चोर सापडला.

बहुतेक वेळा हा चोर नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा असते. वेब पानावरून नाव कॉपी करून चिकटवलं की ती हमखास येते. पण देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांना आणखी एक जाच आहे. 'ॲकॉर्डियन' या शब्दातलं पहिलं अक्षर तीन प्रकारे टंकलं जातं: 'ॲ' हे एकसंध अक्षर, 'अ'ला नुसता अर्धचंद्र जोडून, आणि 'अ'नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून मग अर्धचंद्र. तिन्ही दिसतात सारखी, संगणकाला तिन्ही वेगळी. युनिकोडच्या नियमांतही पहिलं आणि दुसरं समान मानलेलं नाही, त्यामुळे प्लेअरने अक्षरांचं प्रमाणीकरण केलं तरी ती जुळत नाहीत. 'ऱ'चं तसं नाही. तो एकसंधही लिहिता येतो आणि 'र'खाली नुक्ता देऊनही, पण ही दोन्ही रूपं युनिकोड समान मानतं. तरी प्लेअर प्रमाणीकरण करतच नसेल तर तिथेही अल्बम फुटतोच. फोनवरच्या कीबोर्डने काही नावं लिहिली आणि संगणकावरच्या कीबोर्डने काही, की हा घोळ ठरलेला.

यावर पुन्हा टंकणं हा उपाय नव्हे. नव्या कीबोर्डने चौथा प्रकार तयार कराल. सगळी गाणी निवडलेली असतानाच त्या यादीतली एक ओळ निवडा आणि सेव्ह करा. सगळ्यांना बाइटसकट तेच नाव मिळतं.

देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ते नाव गेलं, ते परत मिळवता येत नाही, नव्याने लिहा. प्रश्नचिन्हांऐवजी मात्रा लावलेली युरोपीय अक्षरं आणि चलनचिन्हं यांची भेळ दिसत असेल, आणि प्रत्येक देवनागरी अक्षरामागे तीन-तीन चिन्हं असतील, तर आशा आहे. ते यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) मजकुराचं चुकीचं वाचन आहे, मूळ बाइट जागेवर आहेत. अशा फाइल रूपांतरित होईपर्यंत त्यावर काहीही सेव्ह करू नका.

ओळखक्रमांक, जे कुणी बघत नाही

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, आणि अल्बम फोडण्याचं एक मोठं कारणही तेच आहे. दोष त्याचा नाही, एका बटणाचा आहे.

पिकार्डमध्ये 'स्कॅन' नावाचं बटण आहे. ते प्रत्येक गाण्याचा ध्वनिठसा काढून अकूस्टआयडी या ठशांच्या सूचीला विचारतं की हे कोणतं ध्वनिमुद्रण. पण लोकप्रिय गाणं मूळ अल्बममध्ये असतं, दहा वर्षांनी निघालेल्या आवृत्तीत असतं, संग्रहांमध्ये असतं. ध्वनिठसा गाणं सांगतो, अल्बम सांगत नाही. त्यामुळे तुमच्या अकरा गाण्यांपैकी सात मूळ अल्बमला जाऊन बसतात, तीन जपानी आवृत्तीला आणि एक कुठल्याशा संग्रहाला. मग लोक ते अल्बमचं नाव हाताने सारखं करतात आणि समजतात झालं. पण पिकार्डने प्रत्येक फाइलमध्ये त्या त्या आवृत्तीचा लांबलचक ओळखक्रमांकही लिहून ठेवलेला असतो. नाव सारखं, क्रमांक वेगळे. जे प्लेअर आणि संगीत-सर्व्हर आधी हा क्रमांक पाहतात त्यांना तो अल्बम वेगवेगळाच दिसतो. दुसऱ्या प्लेअरमध्ये मात्र तोच अल्बम अखंड दिसतो. एका प्लेअरमध्ये अखंड आणि दुसऱ्यात फुटलेला अल्बम दिसला की माझा पहिला संशय इथेच जातो.

अखंड अल्बम रिप केलेला असेल तर स्कॅन वापरू नका. फाइल पिकार्डमध्ये आणा, 'क्लस्टर' करा, तो क्लस्टर निवडून 'लुकअप' दाबा. आता पिकार्ड अख्ख्या गठ्ठ्यासाठी एकच आवृत्ती शोधतं. चुकीची आवृत्ती आली तर उजवीकडे त्या अल्बमवर उजवं क्लिक करून दुसरी निवडता येते. ट्रॅकची संख्या आणि लांबी पाहून ठरवा. सीडी हातात असेल तर त्याहून चांगलं: ती ड्राइव्हमध्ये घालून सीडीवरून शोध घ्या, म्हणजे अंदाजाला जागाच राहत नाही. स्कॅन राखून ठेवा नावगाव नसलेल्या सुट्या फाइलींसाठी.

ओळखक्रमांक नकोच असतील तर ऑल्ट-टीच्या खिडकीतून म्युझिकब्रेन्झच्या नावाचे सगळे रकाने पुसा. चालतं. पुढे पिकार्डकडे वळायचं असेल तर थोडं काम वाढेल, इतकंच.

एका फाइलमध्ये दोन टॅग

एमपी३ फाइलमध्ये एकाच वेळी तीन प्रकारचे टॅग राहू शकतात. आयडी३ची पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटांत असते आणि नावाला फक्त ३० बाइट देते. यूटीएफ-८ देवनागरी त्यात कोंबली तर दहाच अक्षरं. दुसरी आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला असते. आणि जुन्या काळी आवाजाची पातळी सारखी करणाऱ्या एमपी३गेनसारख्या सॉफ्टवेअरने मागे एपीई टॅग चिकटवून ठेवलेला असतो. तुम्ही एक दुरुस्त करता, प्लेअर दुसरा वाचतो. 'फाइलमध्ये बदल केला तरी काहीच होत नाही' याचं हे नेहमीचं कारण.

एमपी३टॅगच्या यादीत 'टॅग' नावाचा स्तंभ असतो. त्यात आधी वाचलेल्या टॅगचा प्रकार आणि कंसात फाइलमध्ये असलेले सगळे प्रकार दिसतात. तिथे एपीई दिसला तर: आधी सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग ऑप्शन्समधल्या टॅग्ज विभागात एमपेग या पानावर एपीईपुढची 'रीड' आणि 'राइट' खूण काढा, 'रिमूव्ह' ठेवा. गाणी निवडा, टॅग कॉपी करा, टॅग काढून टाका, कॉपी केलेले परत चिकटवा. मेनूत या तिन्ही आज्ञा आहेत. फाइलमध्ये आता फक्त आयडी३ उरतो. त्याची २.३ आवृत्ती यूटीएफ-१६मध्ये लिहा. २.४ नवी आणि नेटकी आहे, पण जुनी उपकरणं तिच्यावर अडतात आणि घरगुती लायब्ररीला तिची फारशी निकड नसते.

२.३ची एक खोड मात्र माहीत असू द्या: तिथे तिरकी रेघ दोन कलाकारांना वेगळं करणारी खूण मानली जाते. म्हणून काही प्लेअरमध्ये 'एसी/डीसी' हा बँड दोन कलाकार होऊन बसतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये विभाजक चिन्हांची यादी असेल तर त्यातून तिरकी रेघ काढा.

परत कोण बिघडवतं?

फाइल दुरुस्त केली, एडिटरमध्ये खात्री केली, आठवड्याने फाइलच पुन्हा बदललेली. म्हणजे दुसरं कुणीतरी तिच्यावर लिहितंय. विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या रूपात, लायब्ररीच्या ऑप्शन्समध्ये, इंटरनेटवरून जादा माहिती आणायची एक खूण आहे. तिच्याखाली दोन पर्याय: फक्त नसलेली माहिती भरा, किंवा सगळी माहिती नव्याने लिहा. दुसरा निवडलेला असेल तर तुमची मेहनत तो गुपचूप पुसतो. खूणच काढून टाका. तिथेच रिप सेटिंगनुसार फाइलींची नावं आणि फोल्डर बदलण्याच्या दोन खुणा असतात, त्याही काढा. आयट्यून्स किंवा मॅकवरचं म्युझिक वापरत असाल तर मीडिया फोल्डर 'व्यवस्थित ठेवण्याची' खूण पाहा. टॅग बदलला की तो फाइलच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो, आणि त्याच फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या प्लेअरला वाटतं जुनी गेली, नवी आली. मोजलेली वाजवण्याची संख्या तिथेच शून्य होते.

क्लाउडवर किंवा दोन संगणकांमध्ये फोल्डर जुळवून ठेवत असाल तर दुसऱ्या संगणकावरच्या प्लेअरचीही सेटिंग तपासा. लिहायचा हक्क एकाच सॉफ्टवेअरला द्या, बाकीच्यांना फक्त वाचू द्या. सर्व्हर वापरत असाल तर संगीताचं फोल्डर त्याला वाचनापुरतंच दाखवणं उत्तम. तिथे मी कसलीच सवलत देत नाही.

फाइल बरोबर, प्लेअर चूक

प्लेअर प्रत्येक वेळी हजारो फाइली उघडून पाहत नाही. फाइलची 'शेवटचा बदल' तारीख आधीसारखीच असेल तर तो ती वगळतो. आणि एमपी३टॅगमध्ये टॅग लिहिताना ही तारीख जशीच्या तशी ठेवायची एक सोय आहे. ती चालू असेल तर प्लेअरला तुमच्या दुरुस्तीचा पत्ताच लागत नाही. ती बंद करा, त्या गाण्यांवर पुन्हा एकदा सेव्ह करा आणि प्लेअरला स्कॅन करू द्या. फूबार२००० या प्लेअरमध्ये गाणी निवडून टॅगिंगच्या मेनूतून फाइलमधली माहिती नव्याने वाचून घेता येते. बाकी प्लेअरमध्ये 'पूर्ण स्कॅन' आणि 'फक्त नवं' असे दोन प्रकार असतील तर पूर्ण घ्या.

त्यानेही जुळलं नाही तर डिस्क क्रमांक आणि वर्ष पाहा. दोन सीडींच्या संचात अल्बमच्या नावातच 'सीडी १' लिहिलं असेल तर ते दोनच दिसणार. ते नावातून काढून डिस्क क्रमांकाच्या रकान्यात टाका. एका गाण्यावर १९८७ आणि बाकीच्यांवर २००१ असेल तर काही प्लेअर तेवढ्यानेही अल्बम वेगळा धरतात.

शेवटचा मार्ग डेटाबेस पुसून नव्याने बांधण्याचा. तो घाईने घेऊ नका, कारण तारांकनं, वाजवण्याची संख्या आणि 'कधी जोडलं' ही तारीख बहुधा डेटाबेसमध्येच असते, फाइलमध्ये नाही. आधी प्लेलिस्ट एम३यू८ स्वरूपात बाहेर काढा. शेवटचा ८ महत्त्वाचा, साध्या एम३यूमध्ये देवनागरी नावांच्या फाइली हरवू शकतात. प्लेअरमध्ये तारांकनं टॅगमध्ये लिहायची सोय असेल तर ती एकदा चालवून घ्या. प्लेअर बंद करा, डेटाबेसची फाइल पुसू नका, तिचं नुसतं नाव बदला, आणि मग प्लेअर उघडून फोल्डर पुन्हा जोडा. स्कॅन पूर्ण होईपर्यंत टॅग एडिटर बंद असू द्या.